आमचा कापूस आणि समुद्रावरची बत्ती

यवतमाळात उभे राहून समुद्रावरच्या दीपगृहांचा इतिहास सांगायचा, हे काहींना विचित्र वाटेल. समुद्र येथून शेकडो मैल दूर. आम्ही स्वतः तो प्रथम पाहिला तो वयाच्या तिशीनंतर, कामगारांच्या एका परिषदेसाठी मुंबईस गेलो असता. रात्री कुलाब्याच्या टोकाकडे एक उजेड ठरावीक वेळाने चमकून जाताना दिसला. सोबतचा गोदी कामगार म्हणाला, "ती प्राँग्जची बत्ती. अठराशे पंचाहत्तरची आहे, दादा." तेव्हापासून एक प्रश्न आमच्या डोक्यात बसला. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनातल्या पाळ्या सांभाळून वाचनालयात झाले. त्या शिक्षणाने एकच सवय लावली. कोणतीही इमारत दिसली की विचारायचे, ही कोणाला हवी होती आणि हिचे पैसे कोणी दिले?

आधी साले पाहा. गोव्यात आग्वादच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांनी दीपगृह उभारले 1864 साली. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर इंग्रजांची बत्ती लागली 1867 साली. प्राँग्ज 1875 ची. किनारा तर हजारो वर्षांचा, गलबतेही तितकीच जुनी. मग हे मोठमोठे दिवे याच दहा-अकरा वर्षांत का लागले?

आता आपल्याकडची साले पाहा. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. आपला हा मुलूख तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव 1905 चे. पूर्वी येथला माल बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून तांड्यातांड्याने जाई. 1867 साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली, म्हणजे खांदेरीची बत्ती लागली त्याच वर्षी. 1869 साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींची वाट आखूड झाली. प्राँग्जच्या वर्षीच कुलाब्यात ससून गोदी सुरू झाली, आणि कापसाचा मोठा बाजारही त्या काळी कुलाब्यातच भरे.

साल जुळले म्हणून कारण जुळले असे होत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. मुंबईच्या बंदरात कापसाखेरीज अफू होती, धान्य होते, टपाल होते, पलटणी होत्या. पण जहाजांची गर्दी वाढवणाऱ्या मालांत कापूस पुढे होता, हे कोणी नाकारणार नाही. आणि दिव्याचा खर्च कसा भागे? बंदरात येणाऱ्या जहाजांवर दिव्याचा कर बसे. जहाजवाला तो नोरात, म्हणजे मालाच्या भाड्यात धरी. व्यापारी नोर धरून कापसाचा भाव ठरवी. शेवटी हा हिशेब वणी-दारव्ह्याच्या बाजारात बंडी घेऊन उभ्या असलेल्या कुणब्याच्या पदरात उतरे. ज्याने समुद्र पाहिला नाही, त्याच्या गाठीतून त्या दिव्याचे तेल आले, असे आमचे म्हणणे आहे.

खांदेरीची गोष्ट आणखी मागे जाते. मुंबईच्या तोंडावरचे हे बेट शिवाजी महाराजांनी 1679 साली तटबंदीसाठी घेतले. इंग्रजांनी जहाजे आणून अडवून पाहिले, पण मायनाक भंडाऱ्याच्या माणसांनी हलक्या होड्यांतून रात्री रसद पोचवली आणि काम चालू ठेवले. अंधार आणि उथळ पाणी, हीच त्यांची शस्त्रे होती. पुढे त्याच बेटावर इंग्रजांनी अंधार घालवणारा अष्टकोनी मनोरा बांधावा, यात एक गंमत आहे. 1998 साली बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले आणि 2025 साली हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. कोळ्यांचा वेताळ मात्र तेथे आपल्या जागी आहे.

आम्हांस खरे कुतूहल दिवा सांभाळणाऱ्याचे. प्राँग्जचा बांधणारा अभियंता थॉमस ऑर्मिस्टन. त्याचे नाव पुस्तकांत सापडते. मनोरा सुमारे 40 मीटर उंच, खडकावर उभा. भरतीला चहूकडे पाणी. अन्न आणि गोडे पाणी होडीने यायचे. जुन्या पद्धतीच्या बत्तीचे काम असे असे. सूर्य मावळण्याआधी जिने चढायचे, भिंगे पुसायची, वात कापून दिवा लावायचा. फ्रेनेल या फ्रेंच माणसाने 1820 च्या सुमारास शोधून काढलेली ती कंगोऱ्यांची भिंगे लहानशा ज्योतीचा उजेड गोळा करून कित्येक कोस लांब फेकीत. भिंग फिरवायला घड्याळासारखे यंत्र असे. त्याचे वजन हळूहळू खाली उतरे आणि ते ठरावीक तासांनी हाताने वर ओढावे लागे. डुलकी लागली आणि वजन तळाला टेकले, की चमकणारा दिवा स्थिर होई, आणि खलाशाला तो भलत्याच ठिकाणचा वाटे. ज्यांनी जिनात रात्रपाळी केली आहे त्यांना पहाटे तीनची झोप काय असते हे सांगायला नको.

आणि हा उजेड सर्वांना पुरला का? 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि सकाळी, भर उजेडात, काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. सणाला गावी निघालेली कोकणची माणसे होती ती, त्यांत कितीतरी कामकरी. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, जीव वाचवण्याची साधने पुरेशी नव्हती. जे वाचले त्यांतल्या पुष्कळांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. परदेशी मालासाठी ऐंशी वर्षांपूर्वी मनोरे उभे झाले होते. चाकरमान्याच्या बोटीवर मात्र गळ्यात घालायला पट्टे पुरले नाहीत.

1927 साली दीपगृहांचा कायदा झाला, 2021 साली त्याच्या जागी नवा आला. आता विजेचे दिवे आपोआप लागतात, जहाजे उपग्रहावरून वाट काढतात आणि दीपगृहांवर सहलीची माणसे जातात. जावे त्यांनी. पण वजन ओढणाऱ्या हातांची गरज सरत गेली, तेव्हा त्याची फारशी चर्चा झाली नाही.

आमच्या जिनात भोंगा देणारा एक म्हातारा फिटर होता. पहाटे सहाचा भोंगा त्याने कधी चुकवला नाही. गावातली घड्याळे त्यावर लागत. जिन बंद पडले त्या महिन्यातही तो काही दिवस वेळेवर फाटकाशी येऊन उभा राहत असे. प्राँग्जच्या बत्तीविषयी आम्ही त्याला सांगितले, तेव्हा त्याने एवढेच विचारले, "रात्री त्याचा बदली माणूस किती वाजता येत होता?"