महाराजांची रास कोणती?

परवा काटोलकडच्या एका मंडळातल्या पोराचा फोन आला. "भाऊ, फ्लेक्सवर टाकायचं आहे, महाराजांची रास कोणती? कोणी मीन म्हणते, कोणी कुंभ, कोणी सिंह." मी म्हटलं, अर्ध्या तासानं सांगतो. त्या अर्ध्या तासाचे तीन दिवस झाले. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा मंडळी.

नागपुरात शिवजयंती दोनदा होते हे आपल्याला माहीतच आहे. १९ फेब्रुवारीला महालातल्या गांधीगेटजवळच्या पुतळ्यापाशी ढोल वाजतात. मग धुळवडीचा रंग उतरतो न उतरतो तोच फाल्गुन वद्य तृतीया येते आणि तिथीवाले हार घेऊन निघतात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू होतं, "खरी कोणती?" गंमत म्हणजे दोन्ही बाजू एकाच दिवसाबद्दल बोलत असतात. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०, शुक्रवार. भांडण फक्त कॅलेंडरचं आहे.

जुना वाद मात्र खरा होता. माझ्या वडिलांच्या पिढीनं शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला केली. त्या हिशेबानं जन्म एप्रिल १६२७ चा. आधार बखरींचा, आणि बखरींमध्ये आपसातच एकवाक्यता नव्हती. लोकमान्य टिळकांनी शिवाजी उत्सव मोठा केला, पण जन्मतिथी पक्की नाही हे १९०० साली 'केसरी'त लिहिणारेही तेच. पुढे त्यांच्याच हाती कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली आली. ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळानं छापली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार, नक्षत्र हस्त, अशी नोंद निघाली.

ज्या माणसानं उत्सव उभा केला, त्यानंच उत्सवाची तारीख तपासायला घेतली. आज असं करून पाहा, कमेंटमध्ये काय होते ते.

दुसरा पुरावा तंजावरकडून आला. कवींद्र परमानंदाचं संस्कृत 'शिवभारत', महाराजांच्या हयातीतलं काव्य. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयाच. तिसरा पुरावा सर्वांत अजब. जोधपूरला एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात अनेक राजांच्या कुंडल्या होत्या, त्यांत एक शिवाजी महाराजांची निघाली. तारीख तीच.

मावळातल्या देशमुखाचं घर, तंजावरचं हस्तलिखित आणि मारवाडातला कागद. तिघांनी ठरवून खोटं बोलावं असं काही कारण नाही. जोधपूरचा जसवंतसिंह मोगलांच्या बाजूनं कोंढाण्याला वेढा घालून बसला होता. तिथल्या जोशीबुवांना या माणसाची पत्रिका का हवीशी वाटली असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

आता ज्योतिषाकडे. माझा स्वतःचा पत्रिकेवर विश्वास नाही. पण इतिहासाच्या कामात कुंडलीची किंमत वेगळी असते. भविष्य सोडून द्या, कुंडली म्हणजे आकाशाचा काढून ठेवलेला फोटो. तिथी, वार आणि नक्षत्र हे तिन्ही एकाच दिवशी जुळावे लागतात. शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला वार शुक्रवारच येतो, चंद्र हस्तातच येतो. गणित करून पाहता येतं. सूर्य कुंभेत, म्हणून सूर्यास्ताच्या सुमाराला जन्म धरला तर लग्न सिंह येतं. चंद्र कन्येत. आपल्याकडे रास म्हणजे चंद्ररास, म्हणून रास कन्या. फोन करणाऱ्या पोरा, हे घे तुझं उत्तर. फ्लेक्सवर सिंह मोठ्ठा छापायचा असेल तर छाप, पण ते लग्न आहे, रास नाही.

पण परमानंद आणखी एक सांगतो. जन्मवेळी पाच ग्रह उच्चीचे होते म्हणे. इथं थोडं थांबा. सूर्य मेषेत उच्चीचा, तो तर कुंभेत. चंद्र वृषभेत उच्चीचा, तो कन्येत. बुध कन्येत उच्चीचा, आणि तो सूर्यापासून फार दूर जातच नाही, म्हणजे तोही गेला. राहू-केतू सोडले तर उरतात चार. पाच होणारच नाहीत! मग परमानंद खोटं बोलला का? नाही. वाल्मीकी रामायणात रामजन्मालाही पाच ग्रह उच्चीचेच आहेत. कवीनं आपल्या राजाला रामाच्या ओळीत बसवलं. ते प्रतीक आहे. तिथी ही नोंद, पंचग्रह ही स्तुती. एकाच पुस्तकातल्या या दोन गोष्टी वेगळ्या करता येणं यालाच इतिहास म्हणतात.

तीन वर्षं इकडे की तिकडे, काय फरक पडतो? पडतो. जुलै १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांचा देवगिरीवर निजामशाही दरबारात खून झाला. सिंदखेडराजाचे लखुजी, जिजाऊंचे वडील, आपल्या विदर्भातला माणूस. १६२७ धरलं तर तेव्हा शिवबा दोन वर्षांचे. १६३० धरलं तर ते जिजाऊंच्या पोटात. वडील आणि भाऊ मारले गेलेत, नवरा मुलखात धावपळ करतोय, आणि ही बाई शिवनेरीवर बाळंत झाली. त्याच सुमाराला दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. कोणत्याही पाच ग्रहांपेक्षा हे मला जास्त सांगून जातं.

सरकारनं १९६६ मध्ये इतिहासकारांची समिती नेमली, एकमत झालं नाही, जुनीच तिथी चालू राहिली. अखेर २००१ पासून १९ फेब्रुवारी सरकारी झाली. आणि इथंही एक मेख आहे. ही १९ फेब्रुवारी जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आज भिंतीवर लटकतं त्या ग्रेगोरियन हिशेबानं तो दिवस १ मार्च १६३० येतो. म्हणजे तारीखवाल्यांनी "आमचंच शास्त्रीय" म्हणून छाती फुगवू नये, आणि तिथीवाल्यांनीही समोरच्याला धर्मबुडवा म्हणू नये.

आपल्या नागपूरला तर हे शिकवायची गरजच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला अशोक विजयादशमी होती. आज दीक्षाभूमीवर लोक दसऱ्यालाही येतात, १४ ऑक्टोबरलाही येतात. दोन्ही दिवशी डोकं त्याच स्तूपापुढे झुकतं. तिथं कोणी कोणाला खोटं ठरवत नाही.

मग शिवजयंतीलाच का? दोनदा करा, खुशाल करा. फक्त एका वेळेला डीजे थोडा बंद ठेवून पोरांना शकावली म्हणजे काय ते सांगा. काटोलच्या त्या पोराला मी हेच कळवलं. तो म्हणाला, "भाऊ, एवढं फ्लेक्सवर बसत नाही."

बसत नाही, म्हणून इथं लिहिलं.