जोगलटेंभीची नाणी आणि नाणेसंग्रहाचे स्थलांतर

प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासाचे साधन म्हणून शिलालेखांइतकेच महत्त्व नाण्यांना आहे. शिलालेख आपल्या जागी स्थिर असतो. नाण्याचा स्वभाव मात्र फिरण्याचा. ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते, एका घरातून दुसऱ्या घरात जाते. या प्रवासात धातू सहसा टिकतो, हरवते ती त्याची हकिकत. ती जपली गेली तर केवढा लाभ होतो, याचे उदाहरण आपल्याच भूमीत घडले आहे.

सन 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे 13,250 च्या आसपास चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख. प्रत्येक नाणे साधारण दोन ग्रॅमचे. म्हणजे सारा साठा सुमारे 26 किलोंचा. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. जित राजाचे नाणे न वितळवता विजेत्याने आपल्या छापाने ते चालू ठेवले होते.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात, तिच्या पुत्राने क्षहरात वंशाचा समूळ उच्छेद केल्याचा उल्लेख आहे. आवश्यक सूत्रावरील जैन साहित्यातही भृगुकच्छचा धनसंपन्न राजा नहवाहन आणि प्रतिष्ठानचा सालवाहन यांच्या संघर्षाची कथा येते. मंत्र्याच्या युक्तीने नहवाहनाचा खजिना धर्मकार्यात रिता झाला आणि नगर पडले, असा तिचा आशय. हा नहवाहन म्हणजेच नहपान, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शिलालेख आणि कथा या दोहोंना जोगलटेंभीच्या नाण्यांनी धातूचा पुरावा दिला.

हे साध्य झाले, कारण साठा विखुरण्यापूर्वी त्याची मोजदाद व वर्गवारी झाली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती करून तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. नाण्यांवरील मुखवटे परस्परांपासून फार भिन्न आहेत, हेही नाणी एकत्र पाहिल्यामुळेच ध्यानात आले. पुढे ही नाणी अनेक संग्रहांत विभागली गेली, तरी किती नाण्यांवर दुसरा छाप होता हे आजही सांगता येते. तोच साठा न मोजता सराफाच्या काट्यावर गेला असता, तर इतिहासाच्या वाट्याला 26 किलो चांदीपलीकडे काही उरले नसते.

आज आपल्या अनेक कुटुंबांनी जुने वाडे सोडून सदनिकांत वास्तव्य केले आहे. आजोबांच्या पेटीतील नाणी अशा वेळी एकाच पिशवीत ओतली जातात. कापडाच्या व्यवसायात थानावरची चिठ्ठी गळाली की माल तोच राहूनही त्याची ओळख जाते. नाण्यांचेही तसेच आहे. म्हणून हलविण्यापूर्वी प्रत्येक नाण्यास क्रमांक द्यावा. वहीत त्याचे वजन, कोठून व कोणाकडून मिळाले याची नोंद करावी, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि वहीची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. चिंच वा पूड लावून नाणे उजळवू नये. त्याने अक्षरे झिजतात. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो, तर रबरातील गंधकाने चांदी काळवंडते. आम्लरहित कागदाचे स्वतंत्र पाकीट उत्तम. ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा होता; असे हजार रुपये साडेअकरा किलोंवर भरतात. यास्तव लहान, न खुळखुळणारे डबे करावेत, ते सामानाच्या टेम्पोत न देता स्वतःसोबत न्यावेत आणि निघताना व पोहोचल्यावर वहीशी ताळा करावा.

कायद्याचेही भान हवे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. तसेच 1972 च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे संग्रह पाठविण्याचा विचार करणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

हिशेबाची वही हा व्यापारी समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार आहे. ज्या काळजीने आपण उधारी-जमा लिहीत आलो, तीच काळजी पूर्वजांच्या नाण्यांच्या वाट्यास यावी. वारसाच्या हाती पेटीबरोबर वहीही पोहोचली, तरच तो संग्रह खऱ्या अर्थाने नव्या घरी सुखरूप आला असे म्हणता येईल.