विरजणाची वंशावळ

हिंगोलीकडे अनेक घरीं महालक्ष्म्यांच्या नैवेद्यांत ज्वारीची आंबील असते. पीठ ताकांत कालवून रात्रभर ठेवितात, सकाळीं गृहिणी म्हणते, "आंबलें." या एका शब्दामागें अगणित जीवांची वाढ आहे! एकाचे दोन, दोहोंचे चार. ऊब मिळाल्यास तासा-दीड तासांत संख्या दुप्पट. साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल सोडतात. त्या आंबटपणांत अन्न नासविणारे बहुतेक जंतु वाढत नाहींत.

दूध आंबविणें हें सजीवांचें कार्य आहे, असें लुई पाश्चर यांनीं १८५७ सालीं फ्रान्समध्यें मांडलें. आमच्या आज्यांनीं मात्र जंतूंचें नांवही न ऐकतां त्यांचा वंश राखिला. कालच्या दह्यांतलें चमचाभर आजच्या दुधास. चुकून संपलेंच, तर शेजारणीकडे वाटी घेऊन जावयाचें. मग त्या दह्याला शेजारच्या घरची चव येई.