दर दोन तासांनी कूस

आजचा भाग चंडीमंदिरहून.

चंडीगड या नावातली चंडी इथलीच. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी चंडीदेवीचं जुनं देऊळ आहे. या जागेचं नाव त्यावरून पडलं, आणि नव्या राजधानीचंही. १९८५ मध्ये वेस्टर्न कमांडचं मुख्यालय सिमल्याहून इथं हललं, आणि आज फौजी माणसाला चंडीमंदिर म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, कमांडचं मुख्यालय आणि कमांड हॉस्पिटल. इथून गाडी काढली तर तासाभराच्या आत मोहाली येतं. मोहालीत १९७८ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला जखम होऊन कंबरेखालचं, कधी मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या जवानांचं ते घर. त्याचं थोरलं भावंड आपल्या पुण्यात, खडकीला, १९७४ पासून.

आता तारखा बघा. १९७४ आणि १९७८. आपल्या पलटणी त्याआधी दोन महायुद्धं लढल्या, १९४७-४८ चं काश्मीर झालं, १९६२ झालं, १९६५ झालं. कण्यात गोळी लागलेले जवान तेव्हा नव्हते का? होते. पण पहिल्या महायुद्धापर्यंत ते बहुधा जगत नसत. आज आपण बोलणार आहोत ते कशामुळे जगू लागले याबद्दल.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी सैनिक समुद्रापार गेले. मेसोपोटेमियात मराठा पलटणी होत्या. हात-पाय गमावलेले जवान मुंबई बंदरात उतरू लागले तेव्हा त्यांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. अपंग झालेल्या सैनिकाला एखादी कारागिरी शिकवायची आणि पोट भरण्याजोगं करून गावी धाडायचं, हा तिचा उद्देश. पुढे ती खडकीला आली आणि आजही आहे. त्या काळच्या मानानं ही मोठीच दृष्टी. पण तिच्या दारात पोचायचे ते पाय किंवा हात गेलेले. कणा मोडलेला माणूस दारापर्यंत यायचाच नाही.

का, ते नीट समजून घेऊ, कारण सगळा इतिहास या एका कारणाभोवती फिरतो.

तुम्ही-आम्ही रात्री झोपतो तेव्हा आपल्या नकळत वीस-पंचवीस वेळा तरी हलतो. हाडावरची कातडी दबली, तिथलं रक्त थांबलं, की शरीर कुरकुरतं आणि आपण कूस बदलतो. मज्जारज्जू तुटलेल्या माणसाला ही कुरकुर ऐकूच येत नाही. माकडहाड, खुबा, टाच, या ठिकाणी कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये चेंगरते. रक्त पोचत नाही. काही तासांत लाली येते, मग कातडी फुटते, मग आतलं मांस सडत हाडापर्यंत खड्डा पडतो. दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. दुसरीकडे मूत्राशय आपोआप रिकामं होत नाही, तुंबलेल्या लघवीत जंतू होतात आणि ते मूत्रपिंडांपर्यंत चढतात. म्हणजे गोळीनं माणूस मरत नव्हता. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी पाठीवरच्या जखमेनं आणि मूत्रपिंडांच्या संसर्गानं मरत होता. डॉक्टरांनीही ते गृहीत धरलं होतं. अशा रुग्णाला प्लास्टरमध्ये घालून, मॉर्फिया देऊन, शांत पडू द्यायचं.

हे बदललं १९४४ मध्ये. लुडविग गुटमान हे जर्मन ज्यू न्यूरॉलॉजिस्ट हिटलरच्या छळातून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला गेले होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल इथल्या नव्या विभागाची सूत्रं त्यांच्याकडे आली. दुसरी आघाडी उघडणार होती, कण्याच्या जखमा येणार होत्या. तिथं त्यांनी काय केलं? नवं औषध शोधलं नाही, शस्त्रक्रिया शोधली नाही. प्लास्टर काढून टाकलं आणि हुकूम दिला की प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची. दिवसाही आणि रात्रीही. त्यासाठी ऑर्डर्लींच्या तुकड्या बांधल्या. रात्री स्वतः वॉर्डात फेरी मारून ते बघत की कूस खरंच बदलली की नुसती कागदावर. मूत्राशयाची निगा काटेकोर ठेवली. जरा बरं वाटलं की रुग्णाला उठवून बसवायचं, हात बळकट करायचे, काम द्यायचं, खेळ द्यायचा. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, त्यांनी हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकचं मूळ ते.

मला या गोष्टीत तिरंदाजीपेक्षा रात्रीची फेरी मोठी वाटते. फौजेत राहिलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. संत्री जागा आहे की नाही हे बघायला रात्री दोनला उठणारा अधिकारी आणि कूस बदलली की नाही हे बघणारे गुटमान, दोघांची जात एक.

योगायोग असा की त्याच १९४४ मध्ये पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर सुरू झालं. पुढे तिथं नागरिकांनाही अवयव मिळू लागले. १९७१ मध्ये सिल्हेटच्या लढाईत सुरुंगावर पाय पडलेले गुरखा पलटणीचे इयन कार्डोझो, मूळचे मुंबईचे, त्यांनी लाकडी पाय इथंच घेतला आणि पुढे पलटणीची कमान सांभाळली. अवयवांचा इतिहास हा स्वतंत्र भाग होईल, म्हणून इथं त्यात शिरत नाही.

त्याच सुमारास आणखी एक फौजी डॉक्टर कामाला लागला होता. शिकागोच्या लष्करी हॉस्पिटलात थॉमस डिलॉर्म. तेव्हाची समजूत अशी की दुखावलेल्या गुडघ्याला हलका व्यायाम द्यावा, वजन लावू नये. डिलॉर्मनं उलट केलं. जवान दहा वेळा जेमतेम उचलू शकेल एवढं वजन मोजायचं, तेच द्यायचं आणि ताकद वाढेल तसं वाढवत न्यायचं. १९४५ मध्ये त्यांनी हे छापलं. तीन वर्षांनी स्वतःच्याच पद्धतीला कात्री लावली. आधी दहा-दहाचे सात ते दहा फेरे असत. ते तीनवर आणले, पहिला अर्ध्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पुऱ्या वजनाचा. आज गल्लीतल्या जिममधला पोरगा ‘तीन सेट मार’ म्हणतो, त्यामागे जखमी शिपायांचे गुडघे आहेत.

आपल्याकडे ही विद्या नागरी दारानं आली, आणि आली ती मुंबईत. १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत पोलिओनं थैमान घातलं. पाय लुळे पडलेल्या मुलांना चालवायचं कुणी? मालीशवाले होते, हाडवैद्य होते, शिकलेले फिजिओथेरपिस्ट जवळजवळ नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं १९५२ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. परळच्या त्या शाळेमुळे हे पुस्तकांतलं ज्ञान चालवणारे हात देशात तयार होऊ लागले.

मग १९६५. दोन नावं सांगतो. मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया २९ मे १९६५ ला एव्हरेस्टवर उभे होते. त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागली आणि ते व्हीलचेअरवर आले. उपचार झाले ते स्टोक मँडेव्हिलमध्ये. पुढे दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर त्यांनी उभारलं. दुसरे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, ईएमईत क्राफ्ट्समन, बॉक्सर. त्याच युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली लुळे झाले. मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात उपचार घेताना पाण्यात उतरले. पाण्यात शरीराचं वजन कमी होतं, लुळे पाय ओझं राहत नाहीत, खांदे आणि दंड सगळं काम करतात. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहली. विश्वविक्रम, आणि भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सेहेचाळीस वर्षांनी! २०२४ च्या सिनेमानं त्यांचं नाव घरोघरी नेलं, हे चांगलंच झालं. पण अशा कथा ऐकून लोक म्हणतात, ‘बघा, जिद्द असली की सगळं होतं.’ मला हे वाक्य खटकतं. ज्याची पाठ सडली आहे त्याची जिद्द पाण्यापर्यंत पोचत नाही. पेटकरांच्या पदकाआधी कुणीतरी महिनोन्‌महिने त्यांची कूस बदलली असणार. त्या वॉर्डबॉयचं, त्या सिस्टरचं नाव कुठं नाही.

खडकी आणि मोहाली ही केंद्रं त्या माणसांना एका छताखाली आणण्यासाठी निघाली. १९७१ नंतर असे जवान मोठ्या संख्येनं जगले होते. हॉस्पिटलात किती वर्षं ठेवणार? गावी पाठवले तर पायरीवरच अडकणार. रुंद दारं, उतार, व्हीलचेअरवरचे खेळ, हातानं होणारी कामं आणि चोवीस तास मदतीला माणूस, अशी ही घरं उभी राहिली.

आता संशोधनाकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याला पुरावा लागतो. फिजिओथेरपी म्हटलं की आपल्याला यंत्रं दिसतात. त्यातलं अल्ट्रासाउंड सर्वांत लाडकं. २००१ मध्ये त्यावरच्या ३५ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. नीट केलेल्या निघाल्या फक्त दहा, आणि त्यातल्या आठांमध्ये खरं यंत्र आणि बंद यंत्र यांत फरक दिसला नाही. म्हणजे तेवढा वेळ थेरपिस्टनं रुग्णाला हलवण्यात घालवला असता तर बरं. पण ‘हलवा’ म्हणजे वाटेल तसं हलवा, असंही नाही. अर्धांगवायूच्या २,१०४ रुग्णांवर पाच देशांत झालेली मोठी चाचणी २०१५ मध्ये आली. पहिल्या चोवीस तासांतच जास्त वेळा, जास्त वेळ उठवलेले रुग्ण नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा थोडे मागेच पडले. किती, केव्हा, हे ठरवायला शिकलेलं माणूस लागतं.

आणि आपल्या देशातली चाचणी तर प्रत्येक घरानं ऐकावी अशी. चंडीमंदिरहून शंभरेक किलोमीटरवर लुधियाना. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकारानं १४ रुग्णालयांत अर्धांगवायूच्या १,२५० रुग्णांवर ती झाली. विचार साधा होता. आपल्याकडे थेरपिस्ट कमी, पण घरची माणसं भरपूर. मग मुलाला, सुनेला, बायकोला शिकवू आणि घरीच व्यायाम करवून घेऊ. मीही हे वाचायला घेतलं तेव्हा यश येणारच अशी खात्री होती. २०१७ मध्ये निकाल छापला. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले किती? शिकवलेल्या कुटुंबांत ४७ टक्के, न शिकवलेल्यांत ४७ टक्के.

घरच्यांचं प्रेम कमी पडलं असं कुणी म्हणू नये. नोकरी, शेती, मुलं सांभाळून रात्री दोनला आणि पहाटे चारला कोण उठणार? दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला बारा वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. स्टोक मँडेव्हिलमध्ये हे काम तुकडीनं पाळ्यांत केलं, एका सुनेनं नव्हे. फौजेला हे कळतं. शंभर टक्के अपंगत्व असलेल्या निवृत्त सैनिकाला पेन्शनसोबत सांभाळणाऱ्या माणसासाठी वेगळा भत्ता मिळतो, कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. सरकारी कागदावर मान्य केलेलं आहे की या माणसाला दुसरं माणूस लागतं. साताऱ्याच्या एखाद्या शेतकऱ्याला झाडावरून पडून तीच जखम झाली तर असा कागद त्याच्याकडे नसतो.

तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर उद्या सकाळी चादर बाजूला करून माकडहाड आणि टाचा बघा. लाली बोटानं दाबल्यावर गेली नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पुढच्या भागात आर्टिफिशियल लिंब सेंटर.