हलका धान, भारी धान आणि तुमसर परिसरातील मंडया

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने बाहेरगावी स्थायिक झालेली अनेक मंडळी आणि देणगीदार गावाकडे येते झाले आहेत. गावी आलेला पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो हा, की मंडई कधी आणि यात्रा कधी? यात्रेचे उत्तर पंचांगात मिळते. मंडईचे मात्र मिळत नाही. तुमसर तालुक्यातील वार्षिक सोहळ्यांचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, त्यांतील निम्मे तिथीने ठरले आणि निम्मे धानाने ठरले. धानाने ठरलेल्या सोहळ्यांविषयी लिखाण फार थोडे झाले आहे. सबब त्यांचाच विचार येथे मुख्यत्वे केला आहे.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. तुमसर ही तांदळाची जुनी बाजारपेठ. नागपूर-छत्तीसगड ही मीटरगेज रेल्वे 1880 च्या सुमारास या भागातून गेली, 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे ती सोपविली गेली आणि पुढे रुंद झाली. देव्हाडी येथील तुमसर रोड स्थानकावरून तांदूळ बाहेर जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजने मजुरीचा पैसाही गावोगावी आणला. तथापि गावाचे वर्ष धानावरच चालत राहिले. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढ-श्रावणात रोवणा. या दिवसांत कोणाला मान वर करायला सवड नसते. रोवणा उरकून बैलांच्या खांद्याला उसंत मिळाली की पोळा येतो. आखरावर तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या म्हटल्या जातात, दुसऱ्या दिवशी लहान मुलांचे लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा आणि मारबत. पाहुण्यांचा खरा हंगाम अजून पुढेच असतो.

आपल्याकडे हलका धान आणि भारी धान असे दोन मुख्य भेद आहेत. हलका धान उंच बांधीत लावतात. तो दिवाळीच्या सुमारास हाती येतो. भारी धान खोलगट, पाणी धरणाऱ्या बांधीत असतो. त्याची कापणी मार्गशीर्षात आणि चुरणी पौषापर्यंत चालते. हलक्या धानाने घरात पहिला पैसा येतो, पण काम संपलेले नसते. भारी धान चुरून झाला की पैसाही येतो आणि काम पण संपते. सोहळ्यांचे दोन हंगाम या दोन धानांवर उभे राहिले. हलक्या धानावर मंडई आणि भारी धानावर शंकरपट व नाटक.

मंडईची सुरुवात गायगोधनापासून धरली पाहिजे. बलिप्रतिपदेच्या दिवशी गाईंना रंगवून, सजवून आखरावर नेतात आणि गोवारी बांधव डफ व बासरीच्या साथीने नाचत निघतात. उंच बांबूच्या टोकाला मोरपिसे बांधून केलेली ढाल हे त्यांचे दैवत. वर्षभर गावाची गुरे राखणाऱ्याचा हा मानाचा दिवस होय. या ढाली मग गावोगावच्या मंडईत जातात. मंडई एका गावी एकच दिवस भरते. शेजारच्या गावांनी आपापला दिवस असा ठरविला की एकाची मंडई दुसरीवर येऊ नये. त्यामुळे दुकानदार, ढाली आणि गंमतीची पार्टी आज या गावी तर उद्या त्या गावी असा मुक्काम करीत पुढे सरकते. भाऊबीजेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहीपुढे हा क्रम चालतो.

मंडईत जिलेबी, शेव-चिवडा, ऊस आणि तलावातले शिंगाडे असतात. ढिवर बांधवांच्या शिंगाड्याला हाच हंगाम असतो. लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुण्यांची पंगत बसते आणि मुलगा-मुलगी पाहण्याच्या गोष्टी निघतात. किती सोयरिकी मंडईत जुळल्या याची गणना कोणी ठेवलेली नाही, पण जुन्या घरांत एखादी तरी सापडेल. दुपारी खडी गंमत उभी राहते. शाहीर, ढोलकी, टाळ आणि लुगडे नेसलेला नाच्या पुरुष एवढ्यावर ती रात्रभरही चालते. दंडार त्याहून जुनी मानली जाते. झाडीपट्टीची आजची रंगभूमी तिच्यातूनच वाढली असे जाणकार म्हणतात.

हा सोहळा केवळ आपल्या जिल्ह्याचा नाही. बालाघाटात आणि छत्तीसगडात त्याला मडई म्हणतात आणि तिकडे राऊत समाज नाचत निघतो. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत भंडारा व बालाघाट एकाच राज्यात होते. राज्याची सीमा बावनथडीपाशी आली, तरी पलीकडचे सोयरे मंडईला येतच राहिले.

ढाल वाहणाऱ्या समाजाची एक हकीकत येथे नोंदविणे अवश्य आहे. अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा मोर्चा 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपूरच्या विधानभवनावर गेला आणि चेंगराचेंगरीत 114 जण मरण पावले. त्यात स्त्रिया व लेकरे पुष्कळ होती. ते दिवस मंडईचेच होते. पुढे नागपूर खंडपीठाने 14 ऑगस्ट 2018 रोजी समाजाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2020 रोजी तो फिरविला, मात्र मधल्या काळात मिळालेले प्रवेश व नोकऱ्या कायम ठेवल्या. आपल्या मंडईची शोभा ज्यांच्या खांद्यावर येते त्यांची ही गोष्ट मंडईला येणाऱ्या पाहुण्याला ठाऊक असावी.

तिथीने ठरलेल्या यात्रांचे थोडक्यात सांगता येईल. वैनगंगेच्या पात्रात खडकावर माडगीचे नृसिंह मंदिर आहे. तेथे कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते. महाशिवरात्रीला आंबागडच्या डोंगरातील गायमुखाला यात्रा असते. पाषाणाच्या गाईच्या मुखातून तेथे झऱ्याचे पाणी पडते. पचमढीच्या मोठ्या महादेवाला जाणे ज्यांना शक्य नाही ते येथे, छोट्या महादेवाला, येतात. वाटेवरचा आंबागडचा किल्ला देवगडच्या बख्तबुलंद राजाच्या काळी राजखान पठाण याने बांधला. भोसल्यांच्या राजवटीत तेथे कैदी ठेवीत. यात्रेकरूंनी तो जरूर पाहावा. चांदपूरच्या हनुमंताला वर्षभर लोक जातात, हनुमान जयंतीला विशेष.

आता भारी धानाकडे. चुरणी झाली, बांध्या मोकळ्या झाल्या, की बैलांच्या हलक्या छकड्या धावू लागत. जोड्या पाहायला दिवसा दूरदूरचे लोक जमत आणि रात्री त्याच पाहुण्यांसाठी नाटक होई. दिवसाचा पट आणि रात्रीचे नाटक अशी ही जोडगोळी. वडसा येथील नाटक मंडळ्यांचा धंदा यावरच वाढला. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने पट बंद झाले. राज्याने 2017 साली कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती कायम केली. बैलाला टोचणी व मारहाण नको ही अट योग्यच होती. जो स्वतःच्या बैलावर जीव लावतो त्याला ती जाचक वाटण्याचे कारण नाही.

पण पटाला खरा धक्का न्यायालयाने दिला असे म्हणणे अपुरे ठरेल. सात वर्षांच्या खंडात पटाचे बैल सांभाळणे अनेकांनी सोडले हे खरे. त्याच सुमारास शेतातला बैलही कमी झाला होता. चिखलणी ट्रॅक्टरने आणि कापणी-मळणी यंत्राने होऊ लागली. चुरणीला बैल लागेना, तेव्हा बैलजोडी ही हौसेची वस्तू झाली. गुरे घटली तसा गुराखीही घटला आणि गायगोधनाला आखरावर जमणाऱ्या गाई मोजण्याइतक्या राहिल्या. दुसरीकडे बावनथडी प्रकल्पाचे पाणी आले. जेथे पाणी पोचले तेथे माघात बांधी मोकळी राहत नाही. उन्हाळी धानाचे पऱ्हे तेथे हिरवे असतात. पाणी आले हे चांगलेच झाले, त्याविषयी कोणाचे दुमत नसावे. परंतु जो हंगाम रिकामा होता म्हणून पट व नाटक होत, तो रिकामा उरला नाही. आता पटासाठी एखाद्याने जमीन पडीक ठेवावी लागते आणि त्याचा खर्च गावाने भरून द्यावा लागतो.

मंडई मात्र टिकली, आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. तिला बैल लागत नाही, मोकळी बांधीही लागत नाही. एक दिवस, एक चौक आणि घरी येणारे पाहुणे एवढे पुरते. दिवाळी फार लवकर आली तर हलका धान अजून उभा असतो आणि मंडई थोडी फिकी जाते, इतकेच. पुणे-मुंबईकडे कामाला गेलेली मुले जी सुट्टी काढतात ती बहुधा मंडई धरूनच काढतात.

येऊ इच्छिणाऱ्या पाहुण्यांनी तुमसर रोडला उतरावे, मंडईची तारीख गावच्या नातेवाईकाकडून दिवाळीपूर्वीच विचारून ठेवावी आणि मुक्काम दोन दिवसांचा धरावा, कारण दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची मंडई असते आणि तेथेही कोणीतरी नातलग वाट पाहत असतो.