धुराडं कोणी झाडायचं?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं आसगाव हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. अशा गावात चुलीला लागणारं सगळं सामान घराच्या आसपासच मिळतं: बोडीच्या तळची चिकण माती, धानाचा कोंडा, बारीक कुटलेली तणीस आणि शेण. माती भिजत घालायची, पायांनी तुडवायची, कोंडा-तणीस कालवायची आणि मग हातांनी चूल उभी करायची. नुसत्या चिकण मातीची चूल वाळताना फाटते. तणसीच्या काड्या मातीला धरून ठेवतात. आतल्या बाजूचा कोंडा पहिल्या काही दिवसांच्या जाळातच जळून जातो, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि त्या उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. हे कोणत्याही शाळेत शिकवलेलं नाही. सासूनं सुनेला आणि आईनं लेकीला हात धरून दाखवलेलं आहे.

चूल घालणं वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तिची निगा मात्र रोजची. आणि माझं म्हणणं असं की, स्वयंपाकाच्या प्रत्येक साधनाचं आयुष्य हे साधन घडवणाऱ्यानं ठरवलं नाही, त्याची निगा राखणाऱ्या हातांनी ठरवलं. निगा कोणी आणि केव्हा करायची हे ज्या साधनाच्या बाबतीत घरात ठरून गेलं, ते टिकलं. ज्याच्या बाबतीत ठरलं नाही, ते कितीही उत्तम असलं तरी कोपऱ्यात पडलं.

मातीच्या चुलीचं हे वेळापत्रक फार पक्कं होतं. रात्री शेवटचा जाळ ओढून घ्यायचा, निखारे राखेखाली झाकायचे. पहाटे राख काढायची, पण सगळी नाही. तळाला पातळ थर ठेवायचा, कारण त्यावर जाळ चांगला धरतो. मग शेण-मातीच्या काल्यात पोतेरं बुडवून चुलीवरून फिरवायचं. भेग दिसली की अंगठ्यानं माती दाबून बुजवायची. सारवण सुकल्यावरच विस्तव घालायचा. याला सोवळ्याचा, पावित्र्याचा अर्थ होता आणि तो खोटा नव्हता. पण त्या पावित्र्याच्या पोटात रोजची दुरुस्ती होती. भेगाळलेल्या चुलीतून जाळ बाजूनं बाहेर येतो, निखारा नेमका बसलेल्या बाईच्या पदराकडे घरंगळतो. सारवणाऱ्या हातानं ती भेग रोज शोधली जायची. काढलेल्या राखेवर पाणी शिंपडून मगच ती उकिरड्यावर टाकायची, हा नियमही असाच. धानाच्या गावात घराशेजारी तणसीचा ढीग असतो, उन्हाळ्यात वारा सुटतो, आणि राखेत दडलेला एक निखारा ढिगासकट घर घेऊन जाऊ शकतो.

ही रीत किती जुनी असावी? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची ती वस्ती. तिथल्या मातीच्या घरांमध्ये स्वयंपाकाच्या चुली सापडल्या. म्हणजे महाराष्ट्रातल्या मातीत चूल घालण्याला तीन हजारांहून अधिक वर्षं झाली.

एवढ्या सगळ्या निगेत एका गोष्टीवर इलाज नव्हता, तो म्हणजे धूर. चूल लखलखीत सारवलेली आणि वरचे फाटे, आढं, कवेलू काजळीनं काळेकुट्ट, हे प्रत्येक घरचं चित्र होतं. पावसाळ्यात सरपण ओलं, डोळ्यांना धारा, छातीत खोकला. बाईच्या जातीनं हे सोसायचंच, असं मानलं गेलं. त्याविरुद्ध पहिला शहाणा विचार झाला तो भंडाऱ्यापासून फार दूर नव्हे, आपल्या विदर्भातच, वर्ध्याला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्याची आपली बागेतली जागा त्यासाठी दिली. गांधीजींचे पुतणे आणि साबरमतीतले सहकारी मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते; त्यांच्या आठवणीत त्या जागेला मगनवाडी नाव पडलं. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा, परदेशात शिकून आलेले अर्थशास्त्राचे अभ्यासक. मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ अशा खेड्यातल्या उद्योगांवर काम चाललं. रॉकेलऐवजी गोडेतेलावर जळणारा मगन दिवा तिथलाच. आणि १९४७ च्या सुमारास तिथून जी चूल लोकांपुढे आली, तिचं नाव मगन चूल.

तिची रचना आजही कोणी पाहिली तर कौतुक वाटावं अशी आहे. मातीचा लांबट ओटा. पुढच्या तोंडाशी जाळ. पहिल्या भांड्याखालून निघालेली धग आतल्या बोगद्यानं दुसऱ्या भांड्याखाली जाते आणि सगळं काम करून थकलेला धूर शेवटी धुराड्यातून छपराबाहेर पडतो. एका जाळावर भातही शिजतो आणि वरणही. विलायती घरांत लोखंडाची भलीमोठी, अनेक तोंडांची, धुराडं असलेली शेगडी असते. तिचंच तत्त्व इथे बोडीच्या मातीत उतरलं होतं, आणि तेही पैसा न मोजता. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी याच जातीची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तिकाही काढली. १९८३ पासून केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. तो २००२ मध्ये थांबेपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, गावच्या कुंभारांना मोजमापाबरहुकूम चुली करायला शिकवलं, हे मला त्या काळातलं सर्वांत समजूतदार काम वाटतं. कारण चूल करणारा गावातच राहिला, तर ती दुरुस्त करणाराही गावात राहतो.

तरीही धुराड्याच्या चुली बहुतेक घरांत टिकल्या नाहीत. का टिकल्या नाहीत, याचा फार काळजीपूर्वक केलेला अभ्यास ओडिशात झाला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या तिघांनी सुमारे २,६०० घरांमध्ये धुराड्याच्या चुलींचा परिणाम चार वर्षांपर्यंत तपासला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर खरोखर कमी झाला. पुढच्या वर्षांत हा फायदा विरून गेला. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही झाली नाही. धुराड्यात काजळी साचली की ओढ कमी होते, ओढ कमी झाली की धूर उलटा घरात येतो, आणि मग घरधनीण ती चूल सोडून जुन्या चुलीकडे वळते. यात तिचा काही दोष नाही.

इथे मला आपल्या घरांची एक जुनी वाटणी महत्त्वाची वाटते. पूर्व विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरायचे असतात. फुटके काढायचे, चांगले पुन्हा रचायचे. छपरावर चढायचं हे काम गड्यांचं. चूल सारवायची, राख काढायची हे काम बायकांचं. धुराडं सुरू होतं चुलीपाशी आणि संपतं छपरावर. खालचं टोक एकीच्या ताब्यात, वरचं टोक दुसऱ्याच्या. पुरुषाला चुलीशी देणं-घेणं नाही आणि बाईनं छपरावर चढायचं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बांबूला चिंध्या बांधून धुराड्यातून फिरवल्या असत्या तर काजळी सहज पडली असती. त्या कामाला अर्धा तासही लागत नाही. पण त्याचा वार ठरला नाही आणि माणूसही ठरला नाही. चूल वाटणाऱ्या योजनांनी माती मोजली, बोगद्याची उंची मोजली. घरातल्या कामाची ही वाटणी कोणी पाहिली नाही. कवेलू फेरतानाच धुराडंही झाडायचं, एवढी एक रीत रुजली असती तर विदर्भात जन्मलेली ती चूल विदर्भात तरी जगली असती, असं मला मनापासून वाटतं.

मधल्या काळात स्टो आला. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये काढलेला प्रायमस, पंप मारून पेटवायचा. रॉकेलची वाफ बारीक भोकातून निघते, निळी ज्योत घरघरते. त्या भोकात काजळी बसली की पिन मारायची. स्टो आणि पिन एकत्रच घरात आली, म्हणून ती निगा मात्र लगेच अंगवळणी पडली. वॉशर बदलणं, पेटत्या स्टोत रॉकेल न ओतणं, हे जिथे पाळलं गेलं नाही तिथे भडके उडाले. आणि ‘स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ या बातम्यांमागे सगळीकडे स्टोच नव्हता, हेही इथे म्हणायलाच हवं. छळाविरुद्ध ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आणि हुंडाबळीचं ३०४-ब हे कलम १९८६ मध्ये आलं, ते अशा मृत्यूंची दखल घ्यावी लागल्यामुळे. साधनाच्या नावावर माणसाचा गुन्हा खपवला गेला, ही या कुळकथेतली सर्वांत दुःखाची गोष्ट.

मुंबईत पन्नाशीच्या दशकात बर्मा शेल कंपनीनं ‘बर्शेन’ नावानं सिलिंडरमधला गॅस विकायला सुरुवात केली. खेड्यातल्या गरीब घरांपर्यंत तो मोठ्या प्रमाणावर पोचला तो २०१६ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर. धानाच्या गावांत आज अनेक घरी दोन्ही आहेत, ओट्यावर गॅस आणि पडवीत चूल. आणि एकीची सवय दुसऱ्याला लागते, तिथे धोका आहे.

स्टोच्या पिनेची सवय घ्या. गॅसच्या शेगडीत बर्नरच्या टोपीची भोकं सुईनं मोकळी करायला हरकत नाही. पण आतल्या जेटच्या भोकात सुई घालू नये. ते भोक केसाएवढं जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, हवा पुरत नाही, ज्योत पिवळी होते आणि भांड्यांची बुडं काळी पडतात. ते काम मेकॅनिकचं. बर्नरची टोपी बहुधा पितळेची असते, आणि पितळ कसं उजळायचं हे भंडाऱ्याच्या माणसाला सांगायला नको. जिल्ह्याचं गाव पितळी भांड्यांसाठीच नावाजलेलं आहे. शेगडी पूर्ण गार होऊ द्यावी, रेग्युलेटर बंद करावा, टोप्या काढून कोमट पाण्यात चिंचेच्या कोळानं घासाव्यात, धुऊन उन्हात पूर्ण सुकवाव्यात. ओली टोपी बसवली की ज्योत तडतडते. ओट्यावरची शेगडी पुसावी, तिच्यावर पाणी ओतू नये. बटणांच्या आत पाणी गेलं की ती जाम होतात.

दुसरी सवय सारवण्याची, म्हणजे झाकण्याची. जिवापाड जपायचं म्हणून कित्येक घरी गॅसच्या नळीला कापड गुंडाळतात. चुलीची भेग माती लावून बुजते. नळीची भेग कापडाखाली फक्त दिसेनाशी होते. नळी उघडी, सरळ आणि शेगडीच्या धगेपासून लांब असावी. धान साठवणाऱ्या घरात उंदीर असतातच, म्हणून आतून तारेची जाळी असलेली, आयएसआय खुणेची केशरी ‘सुरक्षा’ नळीच घ्यावी. शंका आली तर सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहावा. बुडबुडे आले तर गॅस गळतो आहे. काडी पेटवून कधीही पाहू नये.

गॅसला जो कुजका वास येतो तो त्याचा स्वतःचा नाही. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावच्या शाळेत जमिनीखाली वास नसलेला नैसर्गिक वायू गळून साचला होता. कार्यशाळेतलं विजेचं यंत्र चालू करताना ठिणगी पडली आणि शाळा उडाली. सुमारे तीनशे जण गेले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर वायूत मुद्दाम घाण वासाचं द्रव्य मिसळण्याचा कायदा झाला. आपल्या सिलिंडरमध्ये त्यासाठी मर्कॅप्टन असतं. त्या मुलांचं मरण आपल्या स्वयंपाकघरात राखण करत उभं आहे. म्हणून तो वास आला की विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. दोन्हींत ठिणगी पडते. देवघरातला दिवा, उदबत्ती, पडवीतली चूल विझवायची. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत पसरतो, म्हणून नुसती वरची झडप उघडून भागत नाही, दार उघडावंच लागतं. मग बाहेर जाऊन १९०६ हा क्रमांक लावायचा.

आणि नळीची मुदत. ती पाच वर्षांनी बदलायची असते, वितरकाच्या माणसाकडून जोडणीची तपासणीही पाच वर्षांनी करून घ्यायची असते. बर्नर रोज घासला जातो, कारण तो डोळ्यांसमोर असतो. नळी ओट्यामागे, सिलिंडर ओट्याखाली. आणणारा वेगळा, जोडणारा वेगळा, वापरणारी वेगळी. धुराड्यासारखंच हेही काम कोणाचंच ठरलेलं नाही, आणि ते ठरवून टाकण्याला जड काही नाही. दिवाळीच्या साफसफाईत सिलिंडर बाहेर ओढला जातोच. त्या वेळी नळीवर छापलेलं साल घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला मोठ्यानं वाचायला सांगावं. अक्षरं बारीक असतात, आणि त्यांचे डोळे चांगले असतात.