वंशावळीबाहेरच्या आया

कोकणातल्या कुठल्याही घराण्याचा छापील कुलवृत्तांत उघडा. मूळ पुरुषापासून फांद्या निघतात, त्या सगळ्या पुरुषांच्या. अलीकडच्या तीन-चार पिढ्यांत सुनेचे सासरचे नाव आणि माहेरचे आडनाव मिळते. त्याआधी तेही नाही. मुलगी तर लग्नाबरोबर झाडावरून उतरते. गेली पंचवीस वर्षे मी जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, घराण्यांचे कागद वाचतो आहे. हल्ली येणारी मंडळी हमखास विचारतात, "डीएनए तपासून घेतला, तर मूळ पुरुष सापडेल का?" माझे उत्तर असे, की मूळ पुरुषाचे नाव कुठलीही प्रयोगशाळा सांगणार नाही, पण ज्यांची चौकशी आपण कधी केलीच नाही, त्या आयांचा माग मात्र लागू शकेल. हे कसे, ते याच जिल्ह्यातल्या एका समाजाच्या उदाहरणाने सांगतो.

आधी चाचणीचे गणित समजून घेऊ. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे मुलीच तो नेतात. बाकीच्या गुणसूत्रांत आई-बापांचा वाटा साधारण निम्मा-निम्मा. दहा पिढ्या मागे गेलो तर वंशवृक्षात 1024 पूर्वजांच्या जागा होतात. त्यांतल्या एका पुरुषाची खूण वाय गुणसूत्र सांगते, एका स्त्रीची मायटोकॉन्ड्रिया. उरलेल्या 1022 पैकी कित्येकांचा एक तुकडाही आपल्यात उतरलेला नसतो. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समाईक असतो. त्यांच्या नातवंडांत आपापसात तो एक टक्काही राहत नाही. त्यात आपल्याकडे शतकानुशतके जातीतच लग्ने झालेली. एकच तुकडा चार वाटांनी येतो, आणि संगणक लांबच्या नातेवाइकाला जवळचा ठरवतो. म्हणून एकट्यादुकट्या माणसाच्या चाचणीपेक्षा समाजाच्या अभ्यासातून हाती जास्त लागते.

असा अभ्यास बेने इस्रायल समाजाचा झाला आहे. किहीमकर, पेणकर, अष्टमकर, दिवेकर, झिराडकर ही यांची आडनावे. प्रत्येकामागे रायगडातले एक गाव. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. भाषा मराठी. चौल-अलिबाग किनाऱ्यावर नवगावजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, ही त्यांची परंपरा. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1897 मध्ये लिहून ठेवलेल्या इतिहासात ती आहे. तो ग्रंथ 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला. समाजाने मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले 1796 मध्ये, सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांच्या पुढाकाराने. अठराव्या शतकाच्या मागे मात्र कागद जवळपास संपतात.

कागद संपला तिथून पुढचे काम 2016 मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने केले. कॉर्नेल आणि तेल अवीव विद्यापीठांतल्या संशोधकांनी 18 बेने इस्रायल व्यक्तींचे नमुने तपासले आणि ते भारत-पाकिस्तानातल्या आणि ज्यू समाजांतल्या 41 गटांतल्या 486 व्यक्तींशी ताडून पाहिले. निष्कर्ष असा, की या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वाटा भरीव आहे आणि स्थानिक भारतीय वाटाही तितकाच भरीव आहे. हा मिलाफ 19 ते 33 पिढ्यांपूर्वी, म्हणजे सुमारे 650 ते 1050 वर्षांपूर्वी झाला. त्यानंतर समाज संख्येने आक्रसला आणि आपसातच लग्ने करत राहिला.

पिढ्या कशा मोजतात? दोन समाजांचा मिलाफ झाला, की सुरुवातीला दोघांकडचे लांबलचक तुकडे गुणसूत्रांत शेजारी शेजारी असतात. दर पिढीत अदलाबदल होऊन ते आखूड होत जातात. आज ते किती आखूड आहेत, यावरून पिढ्यांचा अंदाज बांधतात. हा काळ मिलाफाचा आहे, आगमनाचा नव्हे. त्याने गलबत फुटल्याची कथा खोटी ठरत नाही आणि तिला सालही मिळत नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती निबंधातली आणखी एक गोष्ट. एक्स गुणसूत्राची इतर गुणसूत्रांशी तुलना केल्यावर दिसले, की ज्यू वाटा पुरुषांकडून अधिक आला आहे आणि स्थानिक वाटा स्त्रियांकडून अधिक. याचा अर्थ समाजाच्या आदिमातांत कोकणच्या बाजूच्या कितीतरी बायका आहेत. सात जोडप्यांच्या कथेत त्यांना जागा नाही.

या वाक्याचे वजन कळायला समाजाचा पुढचा इतिहास पाहावा लागतो. त्यांच्यात 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद होता. ज्यांच्या पूर्वजाने समाजाबाहेरची बायको केली असे मानले जाई, ते काळे. त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार नसे. आता सगळ्या समाजाच्याच रक्तात स्थानिक आया निघाल्या, तर हा भेद कशावर उभा होता?

दुसरा प्रसंग इस्रायलमधला. 1948 नंतर समाजातले बहुतेक लोक तिकडे गेले. ज्यू धर्मशास्त्र वंश आईकडून मोजते. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढली, की बेने इस्रायल व्यक्तीने समाजाबाहेर लग्न करायचे ठरवले, तर तिच्या मातृवंशाची जमेल तितक्या मागेपर्यंत चौकशी करावी. समाज रस्त्यावर उतरला. 1964 मध्ये इस्रायली संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि धर्मपीठाला सूचनेतून समाजाचे नाव काढावे लागले. 2016 चा निबंध त्या वर्षी हाती असता, तर दोन्ही बाजूंनी तो फडकावला असता: एकाने बापांकडे बोट दाखवून, दुसऱ्याने आयांकडे. न्याय मिळाला तो डीएनएशिवाय मिळाला, हे बरेच झाले. शतकानुशतके शनिवार पाळणारा माणूस कोणाचा, हा प्रश्न प्रयोगशाळेचा नाही. ती रक्ताचे नाते सांगते. माणसाला आपला म्हणायचे की नाही, हे समाजाने ठरवायचे असते.

आणि प्रयोगशाळा त्या आयांची नावेही सांगत नाही. त्यासाठी कागदच लागतो. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांच्या ढिगात अब्राहम बेन यिजू या ज्यू व्यापाऱ्याची पत्रे सापडली. मूळचा ट्युनिशियाचा हा माणूस बाराव्या शतकात मंगळूरला राहिला. 1132 मध्ये त्याने आशू नावाच्या दासीला मुक्त केले. तिचा मुक्तिलेख त्याच ढिगात आहे. अभ्यासक तिलाच त्याच्या मुलांची आई मानतात. बेने इस्रायलांशी या कुटुंबाचा संबंध जोडायला कसलाही पुरावा नाही. पण काळ तोच, किनारा तोच, आणि परक्या मुलखातला बाप नि इथली आई ही घडणही तीच. अशा शेकडो जणींपैकी एकीचे नाव तेवढे कागदाने जपले.

इतरांनी यातून धडा घ्यायला हरकत नाही. 2013 मध्ये भारतातल्या 73 गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले, की सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वी इथे समाजांची मोठी सरमिसळ झाली आणि पोटजातीत बंदिस्त लग्ने रुळली ती त्यानंतर. शुद्ध रक्ताचा दाखला काढायला जाल, तर पदरी निराशा येईल.

तरीही चाचणी करायची असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नमुना आपला असला तरी माहिती भावंडांची आणि मुलांचीही असते. त्यांना विचारून मगच द्या. 2023 मध्ये एका बड्या अमेरिकन कंपनीकडच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. दुसरे, पैसे भरण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिच्या आईचे माहेरचे नाव, तिच्या आजीचे गाव, आजीच्या आईविषयी ऐकलेले काहीही, सगळे वहीत उतरवा. मायटोकॉन्ड्रियाची ओळ नुसती अक्षरांची आणि आकड्यांची असते. तिला नावे हवी असतील, तर ती या वहीतूनच मिळतील. पुढच्या वेळी कुलवृत्तांत छापाल, तेव्हा या ओळीसाठी स्वतंत्र पाने ठेवा. पाच-सहा पिढ्यांपलीकडे ती कोरी राहतील. राहू द्या, पण छापा.